ल्योंचं ऊन तुमच्या पानांवरही पडू द्या

मराठीतल्या प्रवास पुरवण्यांचे संपादक, प्रवासवर्णनं लिहिणारे लेखक-लेखिका आणि युरोपच्या सहली आखणारी मंडळी यांस,



दरवर्षी संक्रांत उलटली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि मासिकांचे पर्यटन विशेषांक युरोपने भरून जातात. मथळे ठरलेले असतात: उन्हाच्या काहिलीतून सुटका, थंडगार युरोप, एकटीने पाहिलेलं फ्रान्स. सोबतच्या चौकटीत सामानाची यादी येते. त्यात जॅकेट असतं, थर्मल असतं, घडीची छत्री असते. टोपी आणि पाण्याची बाटली क्वचितच असते. ही पानं वाचून जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या एखाद्या शहरात एकटं उतरणाऱ्या माणसाला तिथे ४० अंशांना तोंड द्यावं लागलं, तर त्याला कोणीही आधी सावध केलेलं नसतं. या पत्राचं कारण एवढंच आहे.

आधी नोंदी पाहू. २८ जून २०१९ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या व्हेरार्ग या गावी पारा ४६ अंश सेल्सिअसवर गेला. त्याच वर्षी २५ जुलैला पॅरिसमध्ये ४२.६ अंशांची नोंद झाली. ल्यों शहराच्या ब्रों इथल्या वेधशाळेत २४ ऑगस्ट २०२३ रोजी ४१.४ अंश नोंदले गेले आणि २००३ चा ४०.५ अंशांचा उच्चांक मोडला. जुलै २०२५ च्या सुरुवातीला उष्णतेमुळे आयफेल टॉवरचा सर्वांत वरचा मजला पर्यटकांसाठी बंद ठेवावा लागला. हे आकडे फ्रान्सच्या हवामान खात्याने आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापले आहेत. आपल्याकडच्या प्रवासाच्या पानांवर मात्र ते शोधून सापडत नाहीत.

उदाहरणासाठी ल्यों शहर घेण्यामागे एक मराठी कारण आहे. सहलीच्या बसेस बहुधा पॅरिसहून थेट स्वित्झर्लंडकडे वळतात आणि ल्यों बाजूला राहतं. तिथे जातो तो स्वतःच्या आवडीने, एकट्याने निघालेला माणूस. ल्यूमिएर बंधूंचा कारखाना या शहरातला. १९ मार्च १८९५ रोजी कारखान्याच्या फाटकातून कामगार बाहेर पडताना त्यांनी टिपले, आणि ७ जुलै १८९६ रोजी त्यांची चलचित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. ज्याला दादासाहेब फाळक्यांच्या आधीचा सिनेमाचा इतिहास पाहायचा आहे, त्याचे पाय आज ना उद्या ल्योंच्या मॉन्प्लेझिर भागाकडे वळतातच.

तर अशी एक प्रवासी डोळ्यांपुढे आणा. जळगावची, पन्नाशी ओलांडलेली शिक्षिका. सिनेमाची आवड, हाताशी साठवलेले पैसे, जुलैच्या अखेरीस जेमतेम जमवलेली रजा. सोबत कोणी नाही. फ्रेंच भाषेचे चार-दोन शब्द येतात. तुमची कात्रणं तिने फाइलला लावून ठेवली आहेत. ती या शहरात काय काय सोसेल आणि तुम्ही लिहिलं असतं तर त्यातलं काय टळलं असतं, हे क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार वेळेबद्दल आहे.

खानदेशातल्या माणसाला ऊन शिकवावं लागत नाही. बारा ते तीन घरात राहायचं, चार वाजता चहा घेऊन बाहेर पडायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. ही बाई ल्योंमध्ये नेमकं तेच करते आणि तिथेच फसते. कारण उन्हाळ्यात फ्रान्सची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात आणि शहरही त्या कालविभागाच्या पश्चिम टोकाकडे आहे. जुलैमध्ये ल्योंच्या डोक्यावर सूर्य येतो तो दुपारी पावणेदोनच्या सुमाराला. पारा सर्वांत वर चढतो संध्याकाळी पाच-सहाच्या आसपास. जूनअखेरीस सूर्य मावळतो रात्री साडेनऊनंतर. म्हणजे आपल्या सवयीने ऊन उतरलं असं समजून ती बाहेर पडते, तेव्हा दिवसातला सर्वांत कठीण काळ सुरू होत असतो.

पाच वाजता ती प्लास बेलकूरला पोचते. युरोपातल्या मोठ्या मोकळ्या चौकांपैकी हा एक, सुमारे ६२ हजार चौरस मीटरचा. तांबूस बारीक खडीची जमीन, झाडं फक्त कडेला. मधून चालताना पायाखालून आणि डोक्यावरून एकाच वेळी भाजून निघतं. रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानावर हिरव्या क्रॉसचा दिवा लुकलुकत असतो. त्यावर आधी वेळ दिसते, मग तापमान: ३८. तुमच्या लेखातलं वाक्य मात्र असं असतं, 'संध्याकाळी बेलकूरच्या विस्तीर्ण चौकात रमतगमत फेरफटका मारावा.'

विनंती अशी, की शहराच्या वर्णनासोबत तिथल्या उन्हाचं वेळापत्रक छापा. सूर्योदय सहाच्या आसपास होतो. सकाळी साडेसहाला 'तेत दोर' उद्यानाची फाटकं उघडतात. सोन नदीच्या काठावर सेंत आंत्वान बंदरपट्टीवर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. जुलैमध्ये तिथे ऱ्होन खोऱ्यातले जर्दाळू, पीच आणि खरबुजं येतात. दोन-चार जर्दाळू घेऊन नदीकाठी बसण्याची वेळ सकाळी आठची आहे. क्रुआ-रूसच्या टेकडीवरचं विणकरांचं ल्यों पाहायचं तर तेही अकराच्या आत. एवढं लिहिलंत तरी निम्मं काम होईल.

दुसरी तक्रार खोलीबद्दल.

युरोपातल्या हॉटेलांबद्दल लिहिताना तुम्ही न्याहारी लिहिता, स्टेशनपासूनचं अंतर लिहिता, लिफ्ट आहे की नाही तेही लिहिता. खोलीत एसी आहे का, पंखा आहे का, हे लिहीत नाही. आपल्याकडे छताला पंखा असणारच, हे इतकं गृहीत असतं, की तो नसेल असं मनातही येत नाही. फ्रान्समध्ये सुमारे पाव घरांतच एसी आहे. जुन्या इमारतींतल्या बऱ्याच स्वस्त हॉटेलांत एसीही नसतो आणि छताचा पंखाही नसतो. या इमारती हिवाळ्यात ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत. ल्योंचा जुना भाग १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अशा भागात इमारतीच्या दर्शनी भिंतीवर एसीचं बाहेरचं यंत्र बसवायचं तर परवानगीची लांबलचक वाट असते. कित्येकदा ती मिळतही नाही.

एकट्या प्रवाशाला खोली मिळते ती बहुधा सर्वांत स्वस्त, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरची, छपराखालची. दिवसभर तापलेलं छप्पर रात्री ती उष्णता खाली सोडतं. गल्लीतल्या दगडी भिंतीही तेच करतात. त्यामुळे रात्री अकरानंतरही बाहेर वारा नसतो आणि आत गादी गरम लागते. जळगावच्या बाईला उष्ण रात्रीही नव्या नाहीत. पण तिच्या घरी कूलर आहे, गच्ची आहे, माठ आहे. इथे खाली काउंटरवर पंखा मागायला गेलं, तर हॉटेलातले मोजके टेबलफॅन आधीच वाटून झालेले असतात. एकट्याने फिरणाऱ्या माणसाची झोप उडाली, की दुसऱ्या दिवशी रस्ता चुकणं, पाकीट विसरणं, चक्कर येणं हे सगळं ओघाने आलंच.

तिथले रहिवासी काय करतात, ते तरी सांगा. खिडकीबाहेरच्या लाकडी झडपा सकाळी उन्हाआधी बंद करायच्या, काचाही लावून घ्यायच्या आणि रात्री बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा थंड झाली की सगळं सताड उघडायचं. फ्रेंच घरांत ही उन्हाळ्यातली नित्याची शिस्त आहे. खोली घेतानाच तीन प्रश्न विचारायला शिकवा: एसी किंवा पंखा आहे का, खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकीला झडपा आहेत का. भाड्याइतक्याच ठळकपणे ही माहिती तुमच्या लेखात यायला हवी.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. तुमच्या लेखांत आणि सहलीआधीच्या बैठकांत एक वाक्य हमखास येतं: आपल्याला उन्हाची सवय आहे, तिकडच्या उन्हाचं काय घेऊन बसलात!

सवय शरीराला लागते, हे खरं. पण ती कायमची नसते. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि उष्णता सरली की काही आठवड्यांत ते जुळलेलं पुन्हा सुटतं. ही प्रवासी जुलैअखेरीस निघाली आहे. जळगावात तेव्हा पाऊस पडून महिना-दीड महिना झालेला असतो. मे महिन्यातलं तिचं शरीर ती सोबत नेत नाही. शिवाय रात्रभराचं विमान, अपुरी झोप, अनोळखी अन्न आणि दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं. गावी असती तर ४२ अंशांत ती एवढी चाललीच नसती.

ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे १५ हजार माणसं दगावली. मृतांत वृद्धांची संख्या मोठी होती आणि त्यांतले कित्येक एकटे राहत होते. सुट्टीचा महिना होता, शेजारी गावाला गेलेले, दारावर कोणी थाप मारली नाही. पॅरिस भागातल्या ५७ जणांचे मृतदेह न्यायला कोणीच आलं नाही. ३ सप्टेंबर २००३ रोजी तिये इथल्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष झाक शिराक तिथे उभे होते.

त्या धक्क्यातून तो देश शिकला. २००४ पासून उष्णतेसाठी राष्ट्रीय आराखडा आहे. नगरपालिका एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि अपंगांची नोंदवही ठेवते आणि लाटेच्या दिवसांत त्यांना फोन करून विचारपूस करते. हवामान खातं प्रत्येक जिल्ह्यासाठी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. लाट ठरवताना दिवसाच्या पाऱ्याबरोबर रात्रीचा पाराही मोजतात, कारण रात्री शरीराला सावरायला उसंत मिळाली नाही तर धोका झपाट्याने वाढतो. उष्णतेचा लाल इशारा पहिल्यांदा दिला गेला जून २०१९ मध्ये. २२ ऑगस्ट २०२३ रोजी ल्यों ज्या ऱ्होन जिल्ह्यात आहे, तिथेही लाल इशारा होता. एवढी तयारी असूनही २०२३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेमुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज ५ हजारांच्या वर गेला.

एकट्या परदेशी प्रवाशाचं नाव नगरपालिकेच्या त्या नोंदवहीत नसतं. दारावर थाप मारणारं कोणी नसलेल्या माणसांत तीही मोडते, आणि म्हणून तुमची जबाबदारी वाढते. लेखाच्या शेवटी एक चौकट द्या. त्यात इशाऱ्याच्या चार रंगांचा अर्थ असू दे. वैद्यकीय मदतीसाठी १५, युरोपभर चालणारा ११२ आणि उन्हाळ्यात लाटेच्या काळात माहिती देणारा मोफत क्रमांक ०८०० ०६ ६६ ६६ असू दे. उष्माघाताची लक्षणं असू देत: अंग चटका बसण्याइतकं तापणं, बोलणं अडखळणं, दिशा न समजणं, उलट्या, शुद्ध हरपणं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा प्रत्येकाने काढलेला असतोच. त्या विम्याचा मदत क्रमांक कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, हे एक वाक्य लिहायला जागा किती लागते?

चौथी तक्रार पाण्याची आणि खाण्याची.

युरोपात पाणी विकत घ्यावं लागतं, हे तुम्ही इतक्या वेळा छापलं आहे, की आपला प्रवासी पैसे वाचवायला पाणीच कमी पितो. प्रत्यक्षात ल्योंच्या नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे. ते शहराच्या उत्तरेला क्रेपियू-शार्मी इथल्या विहिरींतून येतं. ऱ्होनच्या काठच्या वाळू-गोट्यांतून ते नैसर्गिकरीत्या गाळलं जातं. बागांत आणि चौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाटली सोबत हवी, ती भरायची कुठे हे ठाऊक हवं, बस. उपाहारगृहात जेवताना नळाच्या पाण्याचा जग फुकट देणं फ्रान्समध्ये कायद्याने बंधनकारक आहे. मात्र नुसतं पाणी मागितलं की बाटलीबंद पाणी येतं आणि बिलात चढतं. 'युन काराफ दो, सिल व्हू प्ले' एवढं म्हटलं की जग येतो. हे वाक्य देवनागरीत छापा. आपल्या प्रवाशाला ते आयफेल टॉवरच्या उंचीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

ल्योंच्या खाद्यसंस्कृतीवर तुम्ही भरभरून लिहिता आणि ते योग्यच आहे. पण तिथल्या 'बुशों' नावाच्या पारंपरिक खानावळींचं जेवण मुळात कष्टकऱ्यांचं आहे. मांस, आतडी, लोणी, साय असं जड. ३९ अंशांत, तेही शाकाहारी किंवा कमी मांस खाणाऱ्या बाईला ते कसं झेपावं? त्याच खानावळीत 'सेर्व्हेल द कान्यू' मिळतं. नावात विणकरांचा मेंदू असला तरी ताटलीत असतं ते मऊ ताजं चीज, त्यात चिरलेली कांद्याची पात आणि बारीक कांदा. थंड, हलकं, पावाबरोबर पोटभर होणारं. कॅफेत 'सित्रों प्रेसे' मागितलं की पेल्यात ताज्या लिंबाचा रस, शेजारी थंड पाण्याचा जग आणि साखर असं वेगवेगळं आणून ठेवतात. आपल्या हाताने हवं तसं कालवायचं. चिमूटभर मीठ मागून घेतलं, की घामाने गेलेलं भरून काढायला घरचंच सरबत तयार. आणि ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना हेही सांगा, की त्या महिन्यात अनेक खानावळी काही आठवडे बंद असतात. तुम्ही शिफारस केलेल्या पत्त्यावर भर उन्हात चालत जाऊन बंद दार पाहायची वेळ कोणावर येऊ नये.

पाचवी तक्रार करताना थोडं रेंगाळायला हवं, कारण इथे तुमच्या हातून फार मोठी गोष्ट सुटते आहे. तुम्ही शहरातल्या वास्तू सांगता, शहरातली सावली सांगत नाही. ल्योंसारखं शहर सावलीच्या आणि पाण्याच्या अंगानेही वाचता येतं, आणि उन्हाळ्यात ते तसंच वाचायला हवं.

जुन्या ल्योंमध्ये रू सें-जां या रस्त्यावर ५४ क्रमांकाचं दार आहे. साधं, जड, लाकडी. ढकललं की आत अंधारी बोळ लागते. डोळे सरावेपर्यंत भिंतीला हात लावून चालावं लागतं आणि त्या दगडाचा गारवा तळहाताला जाणवतो. मग छोटं अंगण, वर चौकोनी आभाळाचा तुकडा, कडेने जिने आणि सज्जे. पुन्हा बोळ, पुन्हा अंगण. असं चार-पाच इमारतींच्या पोटातून चालत गेलं, की माणूस थेट पलीकडच्या रू द्यू बफ रस्त्यावर २७ क्रमांकाच्या दारातून बाहेर येतो. या वाटांना 'त्राबूल' म्हणतात. क्रुआ-रूसच्या टेकडीवरचे रेशीमकाम करणारे विणकरही त्यांचा वापर करत. १८३१ आणि १८३४ मध्ये त्यांनी मजुरीसाठी बंड केलं, तेव्हा या वाटा त्यांच्या कामी आल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांनीही त्या वापरल्या. आज त्यांतल्या सुमारे ४० वाटा सर्वांना खुल्या आहेत. नगरपालिका दिवाबत्ती आणि देखभाल पाहते, त्या बदल्यात रहिवासी लोकांना येऊ-जाऊ देतात. आत माणसं राहतात, म्हणून आवाज खाली ठेवायचा. तुम्ही त्राबूलबद्दल लिहिता ते गूढ वाटा म्हणून. भर दुपारी जुन्या शहरात सावलीतून चालण्याची ती सर्वांत चांगली सोय आहे, हेही लिहा.

नव्या शहराची गोष्ट तितकीच सांगण्यासारखी आहे. पार-दिय्यू स्टेशनच्या जवळून जाणारा रू गारिबाल्दी हा रस्ता एकेकाळी शहरातून धावणारा जणू महामार्गच होता, मध्ये मोटारींसाठी भुयारी मार्ग. गेल्या दशकात त्याचा मोठा भाग मोडून तिथे झाडं, पायवाटा आणि सायकलमार्ग केले. बंद केलेल्या एका भुयारी मार्गाचा पावसाचं पाणी साठवायचा हौद केला. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर रस्त्यावरची झाडं जगवतात. पाणी मिळालेलं झाड पानांतून बाष्प सोडतं आणि भोवतालची हवा निववतं. नुसत्या सावलीपेक्षा हा फायदा मोठा. ऱ्होनच्या डाव्या काठावर पूर्वी मोटारी उभ्या असत. २००७ मध्ये तिथला ५ किलोमीटरचा पट्टा चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मोकळा झाला. संध्याकाळी साडेआठनंतर सगळं शहर तिथे उतरतं, तेव्हा एकटी बाईही निर्धास्तपणे पायऱ्यांवर बसू शकते. मात्र ऱ्होनला ओढ जबर असते. कितीही उकडलं तरी नदीत उतरायचं नाही, हेही ठळक लिहा.

तेत दोर हे ११७ हेक्टरचं उद्यान १८५७ पासून लोकांसाठी आहे. तळं, वनस्पती उद्यान, मोठाले वृक्ष, आणि प्रवेश मोफत. सें-जां कॅथेड्रलच्या जाड भिंतींआड दुपारीही थंडावा असतो. तिथे चौदाव्या शतकापासूनचं खगोलीय घड्याळ आहे. फुर्व्हिएरची टेकडी पायऱ्यांनी चढण्याचा तुमचा आग्रह उन्हाळ्यापुरता बाजूला ठेवा. जुन्या शहरातून वर दोरगाडी जाते. वरचं रोमन नाट्यगृह म्हणजे उघड्या दगडी पायऱ्या, दुपारी तिथे थांबणं अशक्य. पण जून-जुलैत त्याच पायऱ्यांवर रात्री नाटक आणि संगीताचा महोत्सव असतो. नाट्यवेड्या मराठी माणसाला याहून चांगली रात्र कुठली सांगाल?

आणि दुपारी एक ते सात? मग संग्रहालयं. मेट्रोच्या डी मार्गावर मॉन्प्लेझिर-ल्यूमिएर स्थानक आहे. बाहेर पडलं की समोरच ल्यूमिएर कुटुंबाचा वाडा, आता त्याचं संग्रहालय झालं आहे. मागे त्या पहिल्या चित्रफितीतला कारखान्याचा सांगाडा जपून ठेवला आहे आणि त्यातच चित्रपटगृह आहे. जळगावची बाई ज्यासाठी एवढ्या लांब आली, ते या घरात आहे. पण सोमवारी ते बंद असतं. ललितकला संग्रहालय मंगळवारी बंद असतं. सुट्टीचा वार ठाऊक नसल्याने भर दुपारी बंद फाटकापाशी उभं राहणं ही हिवाळ्यात फक्त गैरसोय असते. लाटेच्या दिवशी त्यातून प्रकृतीवर बेतू शकतं.

सहावी तक्रार एकट्याने प्रवास या विषयावरच्या लेखनाबद्दल. त्यात धाडस असतं, स्वतःचा शोध असतो, आत्मविश्वास असतो. हे सगळं खरं आहे आणि बायकांना घराबाहेर पडायचं बळ त्यातून मिळालं आहे, त्याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. पण संध्याकाळी पाच वाजता अनोळखी गल्लीत डोळ्यांपुढे अंधारी आली तर काय करायचं, हे त्या लेखांत नसतं. सोबत कोणी असलं तर ते चेहरा पाहून म्हणतं, 'बस जरा, पाणी पी.' एकटीला ते स्वतःच ओळखावं लागतं, आणि डोकं तापलं की नेमकी तीच ओळखण्याची शक्ती कमी होते.

म्हणून साध्या गोष्टी लिहा. तहान लागायची वाट न पाहता ठरावीक वेळेने पाणी प्यायचं. घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून ठेवायची. ल्योंमध्ये सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड. तेव्हा आजचा बेत सांगायचा, आणि रात्री खोलीवर पोचल्यावर एक निरोप टाकायचा. निरोप आला नाही तर घरच्यांनी कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेलं असावं. हॉटेलच्या काउंटरवर आपण एकट्या आहोत हे सांगून ठेवायचं. हॉटेलचा पत्ता फ्रेंचमध्ये कागदावर लिहून जवळ ठेवायचा, कारण उन्हात फोन तापून बंदही पडतो. बरं वाटेनासं झालं तर हिरव्या क्रॉसच्या दुकानात शिरायचं. तिथला औषधविक्रेता शिकलेला असतो, बसवून घेतो, गरज पडली तर १५ ला फोन लावून देतो. आणि लाल किंवा नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी यादीतली तीन ठिकाणं सोडून दिली तर प्रवास वाया गेला असं मानायचं नाही. हे शेवटचं तुम्ही लिहिलं तरच तिला पटेल, कारण यादी तुम्हीच तिच्या हातात दिली आहे.

सहली आखणाऱ्या मंडळींना दोन शब्द वेगळे. तुमच्यापैकी अनेकजण आता एकट्यांसाठीही विमान, हॉटेल आणि फेऱ्यांची बांधणी करून देतात. त्यात दुपारी तीनची पायी फेरी ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये स्वस्त खोली देताना एसी नसेल तर तसं कागदावर स्पष्ट लिहा, ग्राहकाने विचारेपर्यंत थांबू नका. लाल इशारा लागला तर फेरी सकाळी किंवा दुसऱ्या दिवशी हलवायची सोय ठेवा आणि त्याचे जादा पैसे आकारू नका. तारखा ठरवायचं स्वातंत्र्य ज्याला आहे, त्याला मेचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध सुचवा. ज्याला नाही, म्हणजे शिक्षक, पालक, ठरावीक रजेची नोकरी करणारे, त्याला उन्हासकट प्रवास आखून द्या.

संपादकांनो, येत्या उन्हाळी विशेषांकात फ्रान्सच्या प्रत्येक शहराच्या लेखाखाली एक छोटी चौकट मागा. सर्वांत उष्ण तास कोणते, सावलीच्या वाटा कुठल्या, पाण्याचे नळ कुठे, संग्रहालयांचे बंद वार, हॉटेलात एसी किंवा पंखा आहे का, मदतीचे क्रमांक. लेखक ती देत नसेल तर लेख परत पाठवा. उन्हाळ्यात तिथे जाऊन आलेल्या वाचकांकडूनही माहिती मागवा. तुलूझ, मार्सेय, नीम, आव्हीन्यों या शहरांतून परतलेली मराठी माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि विचारलंत तर ती आनंदाने सांगतील. त्या चौकटीसाठी एखादं छायाचित्र कमी छापावं लागलं, तरी वाचक तक्रार करणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
प्रवासाची पानं कापून ठेवणारा एक वाचक